मानेत मणके सातच का? गर्भ मोजतो की काय?

कंदीपेढा (धागालेखक)

मंडळी, एक प्रश्न डोक्यातून जात नाहीये.

बायकोच्या उजव्या हाताला अधूनमधून मुंग्या यायच्या, करंगळीकडची बाजू बधीर व्हायची. झोपताना हात अंगाखाली येत असेल म्हणून आम्ही सोडून दिलं. शेवटी हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मानेचा एक्स-रे काढला, फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली आणि पेनाच्या टोकाने दाखवलं. मानेच्या सगळ्यात खालच्या, म्हणजे सातव्या मणक्याला बारकी बरगडी! उजवीकडे बोटाच्या पेरापेक्षा जरा लांब, डावीकडे नुसता कोंब. "सर्व्हायकल रिब. जन्मापासूनच आहे. व्यायाम करा, ओझी उचलू नका, बघू." एवढं बोलून पुढच्या पेशंटला हाक.

व्यायामाने फरक आहे, त्यामुळे प्रश्न औषधपाण्याचा नाही. घरी येऊन वाचत बसलो तर कळलं की माणसाच्या मानेत ७ मणके, उंदराच्या ७, देवमाशाच्या ७ आणि जिराफाच्याही ७च. कोंबडीच्या मात्र १४. म्हणजे पोटात असतानाच कुठेतरी ठरतं की मान बास, आता बरगड्या लावायला घ्या. बायकोच्या बाबतीत ते एक घर आधीच सुरू झालं.

ठरवतं कोण? सगळ्या पेशींत डीएनए तर तोच. मग आपण सहाव्या मणक्यात आहोत की आठव्या, हे पेशीला कळतं कसं? 'होमिओबॉक्स जनुकं' एवढा शब्द सापडला, पुढचं डोक्यावरून गेलं. बी.कॉम. माणसाला समजेल असं कोणी सांगेल का?

खुळखुळा

बायबलात देवाने आदमाची एक बरगडी काढून घेतली होती. ती कुठे गेली याचा तपास लागला म्हणायचा. 😀

निमताळा

वाचतोय. या धाग्यावर जीवशास्त्रवाले आणि ग्रहणवाले दोघेही येणार, लिहून ठेवा.

रानवारा

कंदीपेढा, प्रश्न झकास आहे. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचो, त्यामुळे राहवत नाही. जरा लांबण लागेल.

आधी मणके येतात कुठून ते बघू. टी.वाय.च्या प्रॅक्टिकलला आमच्याकडे उबवलेली अंडी असायची. कवच फोडून आतला ऐवज कोमट सलाइनमध्ये अलगद सोडायचा. मधे भोक पाडलेली फिल्टर पेपरची चकती बलकावर अशी टेकवायची की गर्भ बरोबर भोकात यावा. मग चकतीच्या कडेकडेने कात्रीने कापत जायचं आणि चिमट्याने चकती उचलायची. गर्भ कागदाला चिकटून वर येतो. पोरांचे हात थरथरायचे, निम्मे गर्भ तिथेच फाटायचे. पण नीट आला की वॉच ग्लासमध्ये ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली बघावं. दीड दिवसाच्या गर्भात पाठीच्या मधोमध मज्जारज्जूची नळी आणि तिच्या दोन्ही अंगांना चौकोनी ठोकळ्यांच्या जोड्या. यांना सोमाइट म्हणतात. मणके, बरगड्या, पाठीचे स्नायू पुढे यांच्यातूनच होतात.

या जोड्या डोक्याकडून शेपटीकडे एकेक करून पडत जातात. कोंबडीत साधारण दर ९० मिनिटांनी एक, उंदरात २ तासांनी, माणसात सुमारे ५ तासांनी. पोरं जोड्या मोजून गर्भाचं वय वहीत लिहायची.

आता मुद्दा. दिसायला सगळे ठोकळे सारखेच असतात. मानेतला कुठला आणि छातीतला कुठला, सांगता येत नाही. पण त्यांचं त्यांना आधीच ठरलेलं असतं. १९७२ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी कोंबडीच्या गर्भातला, पुढे छातीत जाणारा भाग काढून मानेच्या जागी बसवला. पिल्लाच्या मानेत बरगड्या उगवल्या! जागा बदलली तरी ओळख बदलली नाही.

ही ओळख लावणारी जी जनुकं, त्यांना हॉक्स म्हणतात. होमिओबॉक्स हा त्यांच्यातला १८० अक्षरांचा एक तुकडा. त्यापासून प्रथिनात ६० अमिनो आम्लांचा भाग बनतो आणि तो भाग डीएनएला जाऊन चिकटतो, इतर जनुकं चालू-बंद करतो. होमिओबॉक्स असलेली जनुकं आपल्यात दोनशेच्या वर आहेत. त्यांतली हॉक्स ३९, आणि ती चार झुंडींत राहतात : गुणसूत्र २, ७, १२ आणि १७ वर. झुंडीत ती ज्या क्रमाने ओळीत बसलेली असतात, त्याच क्रमाने शरीरात डोक्याकडून शेपटीकडे कामाला लागतात. पेशीत कोणकोणती हॉक्स चालू आहेत, हा झाला तिचा पिनकोड.

आणि तुमची कोंबडी? १९९५ साली अमेरिकेत ॲन बर्क, क्लिफ टॅबिन वगैरेंनी कोंबडी आणि उंदीर शेजारी ठेवून पाहिले. हॉक्स-सी६ हे जनुक उंदरात जिथे ७ मणक्यांची मान संपते तिथे चालू होतं, आणि कोंबडीत १४ मणके झाल्यावर. मणक्यांचा आकडा वेगळा, पण सीमेवर उभं जनुक तेच.

शून्याधारित

म्हणजे कोडमध्ये कुठेतरी मान = ७ असं लिहिलेलं असणार. कोंबडीत तीच किंमत १४. एवढ्यासाठी इतकं लांबण?

रानवारा

@शून्याधारित, तसं कुठेच लिहिलेलं नाही, तीच तर गोम आहे. दोन कामं स्वतंत्र चालतात. ठोकळे पाडणारं एक, हॉक्स एकामागून एक चालू करणारं दुसरं. ७ हा आकडा दोघांच्या वेगातून निघतो, कोणी आधी ठरवून ठेवलेला नसतो. सापाचं उदाहरण घ्या. कॉर्न स्नेक नावाच्या अमेरिकी सापाला तीनशेच्या वर मणके असतात. २००८ साली फ्रेंच शास्त्रज्ञ ऑलिव्हिए पुरक्ये यांच्या गटाने दाखवलं की गर्भाच्या वाढीच्या मानाने सापाचं ठोकळे पाडण्याचं चक्र उंदरापेक्षा कितीतरी भरभर फिरतं. त्यामुळे बारीक बारीक आणि पुष्कळ ठोकळे पडतात.

तिरफळ

सापाचो विषय निघालो म्हणून येतंय. आमच्या बाजूक (कुडाळच्या पुढे) अजगर खूप. गेल्या पावसात एक कोंबड्यांच्या खुराड्यात गावलो. सर्पमित्र पोरगो इलो, धरल्यान, आणि आमका उलटो करून दाखवल्यान. शेपटी जिथे सुरू होता थय दोन बाजूंक दोन नख्यो! पोरगो म्हणालो, "काकानू, हे मागचे पाय."

आता सगळ्यांना कळेल असं लिहितो. रानवारा, तुमचा पिनकोड मला पटला नाही. पिनकोड बघून पोस्टमन पत्र टाकतो, घर कसं बांधायचं ते ठरवत नाही. इथे तुम्ही म्हणता की कोड बदलला की घरच बदलतं, मानेचा मणका असायचा तो बरगडीचा होतो. आणि सापाला सगळीकडे बरगड्या असतात, मग त्याला काय एकच पिनकोड? सगळी पंचक्रोशी एकाच पोस्टात?

रानवारा

तिरफळ, आक्षेप बरोबर जागी आहे. पूर्वी असंच मानायचे : सापात छातीची हॉक्स मानेपर्यंत पसरली आणि सगळ्या धडाची छाती झाली. १९९९ मध्ये मार्टिन कोन आणि शेरिल टिकल यांनी अजगराच्या गर्भावर काम करून साधारण असंच मांडलं होतं. पुढे इतर सापांत बारकाईने पाहिल्यावर दिसलं की हॉक्सच्या सीमा सापातही बऱ्याच शिल्लक आहेत, त्या वाचण्याची पद्धत बदललेली आहे.

उंदरात हॉक्स-१० गटाचं (म्हणजे झुंडींतल्या दहाव्या क्रमांकाच्या जनुकांचं) काम 'इथे बरगडी नको' असं सांगण्याचं. २००३ साली यूटा विद्यापीठात डेनीन वेलिक आणि मारिओ कापेकी यांनी या गटातली तिन्ही जनुकं उंदरातून काढली. कमरेच्या मणक्यांनाही बरगड्या आल्या. यातली मेख अशी की तिन्ही जनुकांच्या मिळून सहा प्रतींपैकी एक जरी शाबूत राहिली तरी फारसं काही दिसत नाही, इतकी ती एकमेकांना सांभाळून घेतात. हॉक्स-११ गट काढला तर त्रिकास्थीच (कमरेखालचं, कटीला जोडलेलं हाड) बनत नाही, कमरेसारखे मणके खालपर्यंत चालू राहतात.

सापात हॉक्स-१० आहे, चालूही होतं. पण ज्या डीएनए तुकड्यावर त्याने 'नको'चा शिक्का मारायचा, त्या तुकड्यातलं एक अक्षर बदललेलं आहे. शिक्का उठत नाही. बरगड्या येतच राहतात.

शून्याधारित

हे मात्र आवडलं. एक अक्षर!

सांजवेळ

धागा आत्ता पाहिला. मी स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात राहते, आणि ही गोष्ट निम्मी आमच्या गावची आहे, म्हणून थोडा इतिहास.

सुरुवात माशीपासून. फळांवर बसते ती चिलटासारखी माशी. तिच्यात कधीकधी विचित्र बदल दिसायचे, मिशीच्या जागी पाय, नाहीतर दोनऐवजी चार पंख. अमेरिकेत कॅलटेकमध्ये एड लुईस यांनी या चार पंखांच्या माश्यांवर कित्येक दशकं एकट्याने काम केलं. १९७८ च्या त्यांच्या लेखात स्पष्ट होतं की शरीराचे भाग ज्या क्रमाने, त्याच क्रमाने ही जनुकं गुणसूत्रावर आहेत. लेख इतका अवघड की वाचणारे दमायचे. १९९५ चं नोबेल त्यांना मिळालं, क्रिस्टियान न्यूसलाइन-फोलहार्ड आणि एरिक वीशाउस यांच्याबरोबर.

होमिओबॉक्स सापडला तो मात्र इथे, बाझल विद्यापीठाच्या बायोझेंट्रुममध्ये, वॉल्टर गेरिंग यांच्या प्रयोगशाळेत. १९८३-८४ सालची गोष्ट. बिल मॅकगिनिस आणि माइक लेव्हाइन यांना माशीच्या अशा वेगवेगळ्या जनुकांत एक तुकडा सारखाच दिसला. (त्याच सुमाराला अमेरिकेत इंडियानामध्ये मॅथ्यू स्कॉट आणि एमी वायनर यांनाही तोच सापडला होता.) मग मॅकगिनिस यांनी वेगवेगळ्या प्राण्यांचा डीएनए घेऊन त्यात हा तुकडा आहे का ते तपासलं. गांडूळ, भुंगेरा, बेडूक, कोंबडी, उंदीर, माणूस. सगळ्यांत! त्याच इमारतीत एडी दे रॉबर्टिस यांचा गट बेडकांवर काम करायचा. पृष्ठवंशीय प्राण्यातलं पहिलं होमिओबॉक्स जनुक १९८४ साली त्यांच्याकडच्या बेडकातूनच वेगळं काढलं गेलं.

तोवर माशीची जनुकं माशीपुरती आणि माणसाची माणसापुरती, अशीच समजूत होती. माशी आणि आपण वेगळे होऊन पन्नास कोटींहून जास्त वर्षं झाली, तरी 'इथे काय बनवायचं' हे सांगणारा तुकडा जवळपास तसाच राहिला, हे तेव्हा कोणाला खरं वाटत नव्हतं.

खुळखुळा

म्हणजे सासरे मला 'काय माशी शिंकली' म्हणतात ते नातेवाईक या नात्याने.

कुंदा_मावशी

मला यातलं फारसं कळत नाही, पण एक विचारते. आमच्या चुलतबहिणीने ग्रहणात भाजी चिरली आणि मुलाचा ओठ फाटलेला निघाला. आजी आधीच म्हणाली होती. हे सगळं जनुकांनी ठरतं म्हणता, मग आजी म्हणायची ते काय?

निमताळा

आलं का ग्रहण? मी वरच लिहिलं होतं.

स्टेथो

निमताळा, जरा दमाने घ्या, मावशींनी प्रामाणिकपणे विचारलंय.

मावशी, ओठ आणि टाळू जुळतात ते गर्भारपणाच्या पहिल्या दोन-अडीच महिन्यांत. कित्येकदा तोवर घरात पुरतं माहीतही नसतं. त्या ग्रहणात राज्यभर किती गर्भार बायकांनी भाजी चिरली असेल, आणि ग्रहण नसताना किती मुलं अशी जन्मतात, तेही बघायला हवं. ओठ फाटण्यामागे जनुकं, काही औषधं, आईचं धूम्रपान, अशी बरीच कारणं एकत्र येतात. त्यांतलं एक जनुक एमएसएक्स-१, आणि गंमत म्हणजे त्यातही होमिओबॉक्स आहे. ते हॉक्सच्या चार झुंडींत मात्र नाही. त्यात बिघाड असलेल्या काही घराण्यांत दाढा उगवतच नाहीत, काहींत ओठ-टाळूही फाटतात. बहिणीच्या मुलाची शस्त्रक्रिया झाली असेलच. आईने सुरी धरली म्हणून झालं, हे तिच्या मनातून काढून टाका, एवढंच सांगतो.

कंदीपेढा, आता वहिनींबद्दल. सर्व्हायकल रिब साधारण शंभरात एकापेक्षाही कमी लोकांना असते, आणि त्यांतल्या बहुतेकांना ती आहे हे आयुष्यभर कळतही नाही. दुसऱ्याच कशासाठी छातीचा एक्स-रे काढला की सापडते. हाताकडे जाणाऱ्या नसा किंवा रक्तवाहिनी तिथे दाबली गेली तर त्रास सुरू होतो. तळहाताचे स्नायू बारीक व्हायला लागले, हात गार किंवा पांढरा पडायला लागला, तर व्यायामावर थांबू नका, ताबडतोब दाखवा.

कंदीपेढा

स्टेथो, धन्यवाद, लक्ष ठेवतो. आणि ही बरगडी येते ती हॉक्समध्ये बिघाड झाल्यामुळेच का?

स्टेथो

उंदरात तसं करून दाखवता येतं. हॉक्स-ए५ काढलेल्या उंदरांना मानेच्या सातव्या मणक्यावर बरगडी येते, अगदी वहिनींसारखी. माणसात मात्र सर्व्हायकल रिब असलेल्या कोणाचीही तपासणी केली आणि अमुक जनुक बिघडलेलं सापडलं, असं होत नाही. एकाच हॉक्स जनुकाच्या बिघाडाने माणसात होणारे आजार आहेत, पण ते बहुधा हातापायाचे. एचओएक्सडी-१३ (म्हणजे हॉक्स-डी१३) चं उदाहरण १९९६ चं. त्या प्रथिनात एका जागी ॲलानीन हे अमिनो आम्ल ओळीने १५ वेळा येतं. ही ओळ लांबून २२ किंवा त्याहून जास्त झाली की मधली आणि अनामिका जोडलेल्या आणि त्यांच्यामध्ये एक जास्तीचं बोट. ओळ जितकी लांब, तितकी विकृती जास्त. (नेहमी दिसतं ते करंगळीशेजारचं सहावं बोट वेगळं, त्याची जनुकं बहुतेक दुसरीच.)

आणि एक गोष्ट इथे लिहून ठेवतो, कारण ती कामाची आहे. हॉक्स कुठे चालू व्हायची, याला अ जीवनसत्त्वापासून बनणारं रेटिनॉइक आम्ल लागतं. गर्भात त्याचं प्रमाण जागोजागी ठरलेलं असतं. मुरुमांवरच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या म्हणजे तोच पदार्थ बाहेरून, भरपूर. गर्भाचे कान, चेहरा, हृदय, मेंदू यांवर त्याचे भयंकर परिणाम होतात. गोळ्या चालू असताना आणि बंद केल्यावर निदान महिनाभर दिवस जाऊ द्यायचे नाहीत. मैत्रिणीची उरलेली स्ट्रिप घेऊन खाणाऱ्या मुली मी पाहिल्यात. कृपा करून असं करू नका.

भिंगरी

स्टेथो, हे वेगळ्या धाग्यात टाका ना. माझ्या ऑफिसात निम्म्या पोरी खातात त्या गोळ्या.

चिंचगूळ

अ जीवनसत्त्व निघालंच आहे तर एक भारतीय गोष्ट सांगते, कारण असल्या चर्चेत सगळं बाझल आणि अमेरिकाच असतं.

भुवनेश्वरला उत्कल विद्यापीठात प्रियंवदा मोहंती-हेजमाडी यांचा गट बेडकांच्या पिल्लांवर काम करायचा. पावसाळ्यात जमिनीतून वर येणाऱ्या, फुग्यासारख्या एका बेडकाची पिल्लं घ्यायची, शेपटी कापायची आणि अ जीवनसत्त्व घातलेल्या पाण्यात ठेवायची. एरवी बेडकाच्या पिल्लाची कापलेली शेपटी पुन्हा उगवते. इथे शेपटीच्या जागी पाय उगवले! एखाददुसरा नव्हे, कित्येक, आणि काहींना कमरेच्या हाडासकट. १९९२ साली 'नेचर'मध्ये हे छापून आलं आणि जगभर गर्भशास्त्रवाले चाट पडले. रानवारांच्या भाषेत, शेपटीच्या पेशींनी आपला पिनकोड कमरेचा समजला.

आणि या बाई म्हणजे त्याच, ज्यांनी १९५४ साली दिल्लीच्या आंतरविद्यापीठ युवक महोत्सवात ओडिशी नृत्य केलं, तेव्हा ओडिशाबाहेर ते नाव फारसं कोणी ऐकलेलंही नव्हतं. नंतर पद्मश्रीही मिळाली.

तिरफळ

चिंचगूळताई, हे माहीत नव्हतं. मस्त. पण पिनकोडवरचा माझा आक्षेप कायम. 😀

रानवारा

चिंचगूळ, छान आठवण काढलीत. आपल्याकडचंही सांगतो. पुणे विद्यापीठात लीला मुल्हेरकर बाई एडिनबरात गर्भशास्त्रज्ञ वॉडिंग्टन यांच्याकडे शिकून आल्या आणि त्यांनी कोंबडीच्या गर्भावरच्या कामाची घडी बसवली. वर लिहिलेली चकतीची युक्ती शिकलेल्या कितीतरी मास्तरांचं मूळ शेवटी त्यांच्यापाशी निघतं. आणि पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेत एल. एस. शशिधर यांनी लुईसच्याच चार पंखांच्या माशीतल्या जनुकावर वर्षानुवर्षं काम केलं. माशीच्या मागच्या पंखाचा गुटगुटीत गोळा कसा होतो, पंख का होत नाही, हा त्यांचा प्रश्न.

हिंगणमिठ्ठा

माझा अजून मूळ प्रश्नाशीच घोळ आहे. मान ७ मणक्यांनी संपते ते हॉक्स-सी६ तिथे चालू होतं म्हणून. ठीक. पण हॉक्स-सी६ तिथेच का चालू होतं? हा तर प्रश्न एक पायरी मागे ढकलल्यासारखा झाला. सर लोक नेहमी असंच करतात.

रानवारा

हा हा, पकडलंत. आणि हाच खरा अवघड भाग.

गर्भ जागा मोजत नाही, वेळ पाळतो. गर्भ मागच्या टोकाला वाढत असतो. तिथून पेशी आत शिरतात आणि पुढे ठोकळ्यांत जातात. त्याच वेळी हॉक्सची झुंड एका टोकाकडून उघडत जाते, पहिल्या क्रमांकाचं आधी, तेराव्याचं सगळ्यात शेवटी. लवकर आत गेलेल्या पेशींत सुरुवातीची थोडी हॉक्स चालू झालेली असतात, उशिरा गेलेल्यांत पुढचीही. कधी आत शिरलात यावर मानेत जाणार की छातीत हे ठरतं. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये २०१९ साली झेब्रा फिंच (चिमणीसारखा छोटा पक्षी), कोंबडी आणि शहामृग यांचे गर्भ ताडून पाहिले. पंख कुठे फुटणार, म्हणजे मान कुठे संपणार, हे हॉक्स-बी४ आणि हॉक्स-बी९ यांच्या चालू होण्याच्या वेळांशी जुळतं. शहामृगात बी९ उशिरा, म्हणून मान लांब.

धड संपून शेपटी कुठे सुरू होणार यालाही असंच वेळापत्रक आहे. जीडीएफ-११ नावाचं जनुक काढलेल्या उंदरांत बरगड्यांचे मणके १३ ऐवजी १७-१८ होतात, कारण 'धड पुरे' हा इशारा उशिरा मिळतो. उलट पोर्तुगालमध्ये मोइझेस मालो यांच्या गटाने ऑक्ट-४ हे जनुक उंदराच्या गर्भात नेहमीपेक्षा जास्त वेळ चालू ठेवलं, तर धड लांबलंच. सापात हेच जनुक बराच काळ चालू राहतं. ऑक्ट-४ लाही होमिओबॉक्स आहे बरं का, पण ते हॉक्स नव्हे.

झुंड एका टोकाकडून ठरल्या वेळी कशी उघडते, यावर जिनिव्हात डेनिस डुबूल यांनी उभी हयात घालवली. त्यापुढची पायरी विचाराल तर मी दमलो.

हिंगणमिठ्ठा

मान्य. वेळ पाळतो, हे पटलं. आता सस्तन प्राण्यांत सगळ्यांचीच वेळ एकसारखी का, हा माझा पुढचा प्रश्न. कोंबडी, बदक, शहामृग सगळे हवे तसे मणके वाढवतात, मग उंदीर आणि देवमासा सातालाच का चिकटून?

स्टेथो

यावर नेदरलँड्सच्या फ्रीट्सन गॅलिस यांचं म्हणणं असं : सस्तन प्राण्यांत मानेचा आकडा बदलला की त्याच जनुकांच्या इतर कामांतही गडबड होते. मृत जन्मलेल्या किंवा गर्भातच दगावलेल्या अर्भकांत सर्व्हायकल रिब फार मोठ्या प्रमाणात सापडते. म्हणजे आकडा बदलतो बऱ्याचदा, पण ते गर्भ टिकत नाहीत. (कंदीपेढा, घाबरू नका. हे दगावलेल्या गर्भांबद्दल आहे. ज्यांच्यात तेवढी एकच बरगडी जास्त आहे आणि जे धडधाकट मोठे झाले, त्यांना हे लागू होत नाही.) अपवाद दोनच, झाडाला उलटा लटकणारा स्लॉथ आणि पाण्यात राहणारा मॅनेटी. स्लॉथच्या मानेत जातीप्रमाणे कमी-जास्त मणके, मॅनेटीच्या ६. दोघेही भलते संथ, आणि गॅलिस यांच्या मते संथ चयापचयामुळेच त्यांना हा बदल पचतो.

तिरफळ

माका ह्या पटत नाय. 'संथ आहे म्हणून चालतं' हे नंतर जुळवलेलं वाटतं. देवमासा काय धावत सुटलाय?

स्टेथो

तिरफळ, देवमासा संथ दिसतो, पण त्याचा चयापचय संथ नाही. तरी सगळ्यांना हे स्पष्टीकरण मान्य आहे असं मी म्हणत नाही. दुसरा विचार श्वासपटलाचा (छाती आणि पोट यांमधल्या श्वासाच्या पडद्याचा) आहे. आपलं श्वासपटल मानेजवळच्या पेशींतून बनतं, त्याची नस मानेच्या तिसऱ्या ते पाचव्या मणक्यांच्या पातळीवरून निघते. पक्ष्यांत असं श्वासपटलच नाही. मान आणि श्वास असे बांधले गेले की मणके हलवणं जोखमीचं.

निमताळा

जिराफाचं काय मग? सात मणक्यांत एवढी मान!

रानवारा

जिराफ मणके वाढवत नाही, एकेक मणका लांबवतो. मोठ्या जिराफात एक एक मणका वीतभरापेक्षाही लांब भरतो. पण त्यानेही एक पळवाट काढलीच आहे. टोकियोत २०१६ साली गुंजी आणि एंदो यांनी जिराफाची शवं विच्छेदून पाहिली. त्याच्या छातीचा पहिला मणका, ज्याला रीतसर बरगडी आहे, तो इतका हलतो की मानेचा आठवा मणका म्हणून काम करतो. जिराफ पाय फाकवून पाणी प्यायला वाकतो तेव्हा त्याचा उपयोग होतो. बरगडी आहे म्हणून आपण त्याला छातीत मोजतो, जिराफ त्याला मानेत वापरतो. प्राणिसंग्रहालयात गेलात तर तो वाकताना मान नेमकी कुठून वळते ते बघा, तिरफळ, आणि मग माझ्या पिनकोडला नावं ठेवा.

तिरफळ

तेवढ्यासाठी म्हैसूरला जायचं म्हणता? बघतो, मे महिन्यात पोरांची सुट्टी आहे.